ध्वजस्तंभाजवळचं गवत आणि मी शिकलेला एक धडा



जून संपत आला की आमच्या कोल्हापूर भागातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "गवत कापायचं मशीन कुणाकडे आहे का? भाड्यानं मिळेल का?" आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. गगनबावडा, राधानगरी बाजूला तर विचारूच नका. शाळा सुरू होताना मोकळं असलेलं मैदान आषाढात गुडघाभर गवतानं भरतं. हरळी, लव्हाळा, टाकळा आणि सगळ्यात चिवट ते गाजर गवत. मग पंधरा ऑगस्ट जवळ येतो आणि सगळ्यांची धावपळ सुरू होते.

मागच्या आठवड्यात एका शिक्षक मित्रानं मला विचारलं, "सर, तुमच्या शाळेत मशीन आहे ना? कोणतं घेऊ?" मी कंपनी, किंमत असं दोन ओळींत लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. कारण त्यानं जे विचारलं होतं त्यापेक्षा त्याला सांगायला हवं होतं ते वेगळंच होतं. ते दोन ओळींत मावणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते मी आजवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. आज लिहितो.

मशीन म्हणजे नेमकं काय

आधी थोडी ओळख. लांब दांडी, एका टोकाला पेट्रोलचं छोटं इंजिन, दुसऱ्या टोकाला फिरणारं पातं किंवा नायलॉनची दोरी. खांद्याला पट्टा. याला दुकानात ब्रश कटर म्हणतात, बाकी सगळे ग्रास कटर किंवा नुसतं 'मशीन' म्हणतात. शेताचे बांध, उसाच्या कडेचं गवत, रस्त्याच्या बाजूची झुडपं, सगळीकडे हेच चालतं. एका माणसाला विळ्यानं दिवसभर लागणारं काम हे दोन-तीन तासांत करतं.

परदेशात घरापुढच्या हिरवळीची कडा सरळ कापायला वेगळं मशीन असतं. त्याचं पातं उभं फिरतं आणि फरशीला लागून गवताची रेघ कापत जातं. आपल्याकडे त्याच्यासाठी कोण वेगळं मशीन घेणार? आपण ब्रश कटरच तिरका करतो, पातं उभं होईल असा धरतो आणि फरशीच्या कडेनं चालवतो. माझी चूक नेमकी इथंच झाली.

१३ ऑगस्ट २०२२

ते स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचं वर्ष होतं. शनिवार, सकाळची शाळा. घरोघरी तिरंगा लावायची मोहीम त्याच दिवशी सुरू झाली होती. मुलांच्या हातांवर दोन दिवसांपूर्वीच्या राख्या तशाच होत्या. व्हरांड्यात सातवीची मुलं पताका चिकटवत बसली होती.

आमच्या शाळेनं आदल्या वर्षी लोकवर्गणीतून मशीन घेतलं होतं. ते चालवायला गावातले एक पालक यायचे. त्यांचा धंदाच तो. तासाच्या दरानं लोकांचे बांध साफ करून द्यायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्या आठवड्यात मामांना एक मिनिट सवड नव्हती. त्यांनी मैदान आधीच कापून दिलं होतं. राहिली होती ती फक्त ध्वजस्तंभाकडे जाणाऱ्या फरशीची कडा. दोन्ही बाजूंनी हरळी फरशीवर आली होती.

मला वाटलं, एवढं काय त्यात? मामा चालवताना मी दहा वेळा बघितलंय. चोक ओढला, दोरी ओढली, मशीन चालू. दोरीनं कडा सरळ कापली जाईना म्हणून मी लोखंडी पातं लावलं. पात्याच्या मागं जो प्लॅस्टिकचा गार्ड असतो त्यात ओलं गवत सारखं अडकत होतं, म्हणून तो काढून बाजूला ठेवला. डोळ्यांवर माझा रोजचा चष्मा. पायात चप्पल. हो, चप्पलच.

मशीन तिरकं करून मी कडेनं चालायला लागलो. पहिले पंधरा-वीस फूट फार सुंदर रेघ आली. मनात म्हटलं, सोमवारी पाहुण्यांना दिसेल. मग पातं फरशीखालच्या खडीला लागलं. 'टण्ण' असा आवाज आला, दांडी हातात जोरात हिसकली आणि व्हरांड्यातून एक किंकाळी आली.

मुलं माझ्यापासून पंचवीस-तीस फुटांवर होती. एका मुलाच्या उजव्या डोळ्याखाली, गालफडाच्या हाडावर खडा लागला होता. रक्त राखीवर सांडलेलं मला अजून दिसतं. कोल्हापूरला नेलं, चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "अर्धा इंच वर लागलं असतं तर आज मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो."

तो मुलगा मामांचाच होता.

"गार्ड कुठं हाय?"

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं याची वाटेत शंभर वेळा उजळणी केली होती. मामा अंगणात होते. ते मला काहीच बोलले नाहीत. "चला शाळंकडं," एवढंच म्हणाले. शाळेत येऊन त्यांनी मशीन उचललं, उलटं करून बघितलं.

"सर, गार्ड कुठं हाय?"

"काढून ठेवलाय."

"का वो?"

"गवत अडकत होतं."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गवत काढाय दोन मिन्टं लागत्यात सर. डोळा कुठनं आणायचा?"

एवढंच. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. त्यांनी तक्रार केली असती तर ती रास्तच होती. मी त्यांना म्हटलं, मामा, मला हे नीट शिकवा. पुढच्या रविवारी ते आले. मी वीस वर्षं शिकवतोय, पण त्या दिवशी मी विद्यार्थी होतो. त्यांनी शिकवलेलं, आणि नंतर मी मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक पहिल्यांदा उघडून वाचलेलं, असं दोन्ही मिळून खाली लिहितो.

दोरी ओढायच्या आधी

मशीन चालू करायच्या आधी सगळी जागा पायांनी फिरायची. खडे, बाटल्या, तारा, खिळे, तुटलेल्या बाकाचे तुकडे, सगळं उचलायचं. शाळेच्या मैदानात काय सापडेल सांगता येत नाही. आम्हाला त्या दिवशी गवतात सायकलची एक स्पोक आणि अर्धी वीट सापडली.

हातात लांब काठी घ्यायची आणि गवत हलवत जायचं. आपल्याकडे घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आहेत आणि पावसाळ्यात उंच गवत ही त्यांची जागा असते. पायात गमबूट हवेतच. कुणाला साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरळ सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं.

काठी फिरवताना आणखी एक कळलं. मैदानाच्या कोपऱ्यात टिटवीचं घरटं होतं. घरटं म्हणजे काय, उघड्या जमिनीवर खड्यांत चार अंडी. तेव्हापासून तो कोपरा आम्ही पिल्लं निघेपर्यंत सोडून देतो. मुलं तिथं लांबूनच पहारा करतात.

अंगावर काय हवं? पूर्ण पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड बूट, हातमोजे. डोळ्यांना सगळीकडून बंद असलेला सुरक्षा चष्मा. आपला रोजचा नंबरचा चष्मा चालत नाही, त्याची काच बाजूनं उघडी असते. पावसाळ्यात बंद चष्म्यावर वाफ धरते ही खरी अडचण आहे. तोंडावर जाळीचा मुखवटाही मिळतो, तो चष्म्याच्या वरून घालायचा. गाजर गवत असेल तर नाकाला रुमाल बांधायचाच. त्याच्या परागांनी शिंका, दमा आणि कातडीला खाज येते, आणि मशीन तर त्याचा चुरा करून अंगावर उडवतं. ते फुलावर यायच्या आधीच काढलेलं बरं, म्हणजे पुढच्या वर्षीचं बीही पडत नाही.

आणि कान. मामांशी बोलताना नेहमी थोडं मोठ्यानं बोलावं लागायचं. मला वाटायचं, स्वभाव असेल. त्या रविवारी त्यांनीच सांगितलं, "डाव्या कानानं कमी ऐकू येतंय मला. दा-बारा वर्सं झाली मशीन चालवून." ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास कानावर पडला की ऐकू येणं हळूहळू कमी होतं, आणि ते परत येत नाही. ही मशीनं त्याच्या वरच आवाज करतात. कानाचे मफ काही फार महाग नाहीत. पण तासाच्या दरानं काम करणाऱ्या माणसाला ते कुणी देत नाही आणि तो स्वतः घेत नाही. आम्ही शाळेच्या मशीनसोबत मफ, चष्मा आणि मुखवटा घेतला आणि मामांना सांगितलं, हे तुमच्याकडेच ठेवा, दुसऱ्यांच्या बांधावर जातानाही घाला.

पन्नास फूट म्हणजे किती?

चालू मशीनपासून किमान १५ मीटर, म्हणजे साधारण पन्नास फूट, कुणीही असता कामा नये. मी मुलांपासून पंचवीस-तीस फुटांवर होतो आणि मला ते पुष्कळ लांब वाटलं होतं. म्हणून आता आम्ही अंदाजावर काम करत नाही. फितीनं मोजून चारी बाजूंना चुन्याची खूण करतो.

पण शाळेचा खरा नियम यापेक्षा सोपा आहे. मुलं आवारात असताना मशीन चालूच करायचं नाही. रविवारी किंवा सुट्टीत. पंधरा ऑगस्टची तयारी दहा तारखेच्या आत संपवायची. आणि अर्थातच मुलांच्या हातात मशीन कधीच द्यायचं नाही. नववी-दहावीची उंच मुलं "सर, मी करतो की" म्हणतात. त्यांचा उत्साह मोलाचा आहे, पण त्यांना झाडून काढायला सांगा.

एक माणूस लक्ष ठेवायला हवा. चालवणाऱ्याच्या कानाला मफ असतात, त्याला हाक ऐकू येत नाही. मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, तो दचकून मशीनसकट वळतो. समोरून, लांबून हात करायचा, इंजिन बंद होऊन पातं थांबलं की मगच जवळ जायचं. इंजिन बंद केल्यावरही पातं काही वेळ फिरत असतं, हे विसरू नका.

चालवताना

पट्टा असा बांधायचा की मशीन कमरेजवळ तोलून राहील, हातांवर ओझं येणार नाही. दोन्ही हात दोन्ही मुठींवर. कोयत्यानं गवत कापतो तसं उजवीकडून डावीकडे झोका घ्यायचा, मग एक पाऊल पुढं. बहुतेक मशीनचं पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं, त्यामुळं कापलेलं गवत डावीकडे, आधीच साफ झालेल्या जागेवर पडतं.

मामांनी मला मातीत घड्याळाची तबकडी काढून दाखवली. आपण सहाच्या जागी उभे. पात्याचा नऊ ते अकराचा भाग कापायला वापरायचा. बारा ते तीनचा भाग खुंटाला, दगडाला, खांबाला लागला की मशीन जोरात हिसका देतं. मला बसलेला हिसका तोच होता.

आता कडेचं काम. फरशी, भिंत, ध्वजस्तंभाचा कट्टा, झाडाचं खोड यांच्याजवळ लोखंडी पातं लावायचंच नाही. तिथं नायलॉनची दोरी. गार्ड जागेवर. रेस कमी. फरशीवरची खडी आधी खराट्यानं झाडून घ्यायची. आणि उडणारा कचरा मोकळ्या बाजूला जाईल असं उभं राहायचं. खिडक्या, रस्ता, उभ्या गाड्या यांच्याकडे नाही. दोरीनंही खडा उडतोच, पण दगडाला लागली तर ती झिजते, तुटते. लोखंडी पात्याचा तुकडा तुटून उडाला तर काय होईल याचा विचार करा.

दोरीची एक वेगळी काळजी आहे. कापताना तिचे बारीक तुकडे गवतात पडत जातात. आपल्याकडे घरोघरी म्हैस, गाय. शाळेचं कापलेलं गवत कुणीतरी वैरणीला नेतंच. म्हणून जे गवत जनावरांना द्यायचं ते पात्यानं किंवा विळ्यानं कापायचं. दोरीनं कापलेलं कडेचं गवत खतखड्ड्यात.

आणि वीस-पंचवीस मिनिटांनी थांबायचं. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर ती कंपनाची खूण आहे. तसंच दामटून चालवलं तर ते दुखणं कायमचं होतं.

पेट्रोल, ऑइल आणि सातवीचं गणित

माझी दुसरी चूक मशीनच्या पोटाची होती. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी टाकीत नुसतं पेट्रोल भरलं. आमचं मशीन टू-स्ट्रोक आहे. त्यात इंजिन ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. ते नसेल तर पिस्टन आणि सिलिंडर कोरडे घासतात, तापतात आणि इंजिन जाम होतं. दहा मिनिटांत आमचं झालं.

मशीन घेऊन उद्यमनगरात गेलो. ज्या शहरात शेतीपंपांची ऑइल इंजिनं तयार झाली, तिथं एवढंसं इंजिन दुरुस्त करणारे मिस्त्री मिळणारच. मिस्त्रींनी सिलिंडर उघडून माझ्या हातात पिस्टन दिला. त्यावर उभे खोल ओरखडे होते. "बघा सर, हे सगळं वीस मिली ऑइल वाचवल्यामुळं."

तो पिस्टन मी मागून घेतला. आता तो वर्गात कपाटावर असतो. सातवीला गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना मी तो टेबलावर ठेवतो आणि फळ्यावर उदाहरण घालतो. ऑइल आणि पेट्रोल यांचं प्रमाण १:५० असेल तर १ लिटर पेट्रोलमध्ये किती ऑइल? १००० भागिले ५०, म्हणजे २० मिली. १:२५ असेल तर? ४० मिली. मग विचारतो, "अंदाजे एक झाकण ओतलं तर चालेल का?" मुलं झाकणं आणतात, पाण्यानं मोजतात. प्रत्येकाचं झाकण वेगळं निघतं. मोजमापाची गरज यापेक्षा वेगळ्या पद्धतीनं सांगावीच लागत नाही. तुमच्या मशीनचं प्रमाण त्याच्या पुस्तकात बघा. आणि फोर-स्ट्रोक मशीन असेल तर उलट, त्यात ऑइल वेगळं भरायचं असतं, पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही.

इंधनाचे नियम मुलांनी मोठ्या अक्षरात लिहून खोलीत लावलेत:

१. पेट्रोल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवायचं नाही. शाळेत तहानलेलं मूल कुठलीही बाटली तोंडाला लावतं. वेगळा कॅन, त्यावर नाव, कुलपात.

२. गरम इंजिनमध्ये पेट्रोल भरायचं नाही. बंद करून दहा मिनिटं थांबायचं.

३. उघड्यावर भरायचं. जवळ विडी-सिगारेट, चूल, उदबत्ती नको. सांडलेलं पुसायचं आणि भरलेल्या जागेपासून दहा पावलं लांब जाऊन मशीन चालू करायचं.

४. मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवायचं नाही. लागेल तेवढंच करायचं.

या चौथ्या नियमामागं आपल्या जिल्ह्याची एक गंमत आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसापासून, साखर कारखान्यांतून येतं. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी महिना-दोन महिने तशीच राहिली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होतात, कार्बोरेटर चोंदतो, जुन्या मशीनच्या रबरी नळ्या फुगतात किंवा तडकतात. "मागच्या वर्षी चालत होतं, यंदा चालूच होईना" याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

निगा

कुठलंही काम करायच्या आधी इंजिन बंद, गार, आणि प्लगची टोपी काढलेली. ही सवय लागली की अर्धे अपघात टळतात.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवायचा, पूर्ण वाळवायचा, पुस्तकात सांगितलं असेल तर दोन थेंब ऑइल लावायचं. कागदी असेल तर धुवायचा नाही, झटकायचा किंवा बदलायचा. प्लग काढून बघायचा. काळा ओला असेल तर ऑइल जास्त किंवा फिल्टर चोंदलेला. फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. पात्याजवळच्या गिअरच्या डबीत सुमारे पंचवीस तासांच्या कामानंतर ग्रीस भरायचं. सायलेन्सरजवळ आणि इंजिनच्या पंखांत अडकलेलं सुकं गवत काढायचं, ते तापून पेटतं.

पात्याचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो. नेहमीसारखा डावीकडे फिरवाल तर सुटण्याऐवजी आणखी आवळेल. पातं बसवण्याआधी हातमोजे घालून नीट बघायचं. चीर, तुटलेला दात, वाकलेपणा दिसला तर सरळ भंगारात. आपल्या कोल्हापुरात कशालाही "वेल्डिंग मारून द्या की" म्हणायची सवय आहे. वेल्डिंग मारलेलं पातं मिनिटाला हजारो फेरे फिरत असताना सुटलं तर ते कुठं जाईल ते देवालाही सांगता येणार नाही.

हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, मग मशीन चालू करून ते आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरमधलं उरलेलंही जळतं. पुसून, पात्याला ऑइलचा हात फिरवून कोरड्या जागी टांगून ठेवायचं. मुलांचा हात पोचणार नाही असं.

वर्गात काय घेता येईल

मोठ्या वर्गांसाठी एक उदाहरण देतो. पात्याचा व्यास २५.५ सेंटीमीटर. परीघ साधारण ८० सेंटीमीटर, म्हणजे ०.८ मीटर. मिनिटाला ७००० फेरे धरले तर टोक एका मिनिटात ५६०० मीटर जातं. तासाला ३३६ किलोमीटर! या वेगानं कोल्हापूरहून पुण्याला पाऊण तासाच्या आत पोचता येईल. उडालेला खडा अगदी याच वेगानं जातो असं नाही, पण माझ्याकडून तो किती वेगानं सुटला असेल याची कल्पना यावी. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवतो आणि शेवटची ओळ लिहिताना माझा हात अजूनही थांबतो.

लहान वर्गांसाठी ओली छत्री. छत्री उघडून गरकन फिरवायची. थेंब कुठल्या दिशेला उडतात? मुलं म्हणतात, "बाहेर, सगळीकडे." मग एकाच थेंबाकडे बघायला सांगायचं. तो गोल फिरत नाही, सुटला त्या क्षणी सरळ जातो. खडाही तसाच.

भाषेच्या तासाला सूचनालेखन घ्या. मिक्सर, इस्त्री, गॅसची शेगडी, घरचा कडबा कुट्टी यंत्र यातलं एक निवडून घरच्या माणसांसाठी पाच सूचना लिहायच्या. अट एकच: प्रत्येक सूचनेपुढं 'का' लिहायचं. 'गार्ड काढू नये' हे मलाही माहीत होतं. का काढू नये हे माहीत नव्हतं. पालकांनी घरी ती यादी मुलांसोबत वाचावी. कडबा कुट्टीचं झाकण काढून ठेवलेलं घर आपल्या गावात एक तरी निघेल.

तो मुलगा यंदा दहावीला आहे. डोळ्याखाली बोटाच्या पेराएवढी खूण राहिली आहे. गेल्या रविवारी मामा मैदान कापायला आले तेव्हा तोही आला होता, गळ्यात शिट्टी अडकवून, चुन्याच्या रेघेबाहेर उभा राहून लक्ष ठेवायला. मी विसरून रेघेच्या आत पाऊल टाकलं. त्यानं जोरात शिट्टी वाजवली आणि हातानं मला मागं व्हायला सांगितलं.

मी मागं झालो.

शिक्षक मित्रहो, पंधरा ऑगस्टच्या आधी आपल्या शाळेचं मशीन एकदा उलटं करून बघा. गार्ड जागेवर आहे ना? आणि ते चालवणाऱ्या मामांना, काकांना, दादांना चष्मा आणि कानाचे मफ दिलेत ना, तेही एकदा विचारा.